दुखापत झालेल्या शाळकरी खेळाडूशी आपण कसं वागतो? (प्रशिक्षक, पालक, खेळाडू सगळ्यांनी लिहा)

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहे. १७ वर्षांखालील मुलींचा कबड्डी संघ माझ्याकडे आहे. यंदा तालुका जिंकून आम्ही जिल्ह्याच्या तयारीला लागलो होतो. सरावात आमची डावी कोपरारक्षक घोटा पकडायला झेपावली, चढाई करणारी मुलगी गर्रकन मागे वळली आणि हिचा पाय मॅटवर रोवलेला असतानाच गुडघा आतल्या बाजूला गेला. आतून 'कट्' आवाज आल्याचं तिनं लगेच सांगितलं. संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म सुजला होता. एमआरआयमध्ये एसीएल (गुडघ्यात हाडांना बांधून ठेवणारं एक मुख्य लिगामेंट, म्हणजे अस्थिबंध) पूर्ण तुटल्याचं दिसलं. शस्त्रक्रिया ठरली आहे, डॉक्टर चांगले आहेत, घरचे समजूतदार आहेत. त्यामुळे उपचारांबद्दल माझा प्रश्न नाही.

प्रश्न मैदानावरचा आहे. सुरुवातीला सगळ्या मुली तिच्या घरी जाऊन आल्या. मग जिल्ह्याची गडबड सुरू झाली आणि येणं-जाणं आटलं. त्या वाईट नाहीत, पण तिच्याशी काय बोलावं हेच त्यांना सुचत नाही. एखादी म्हणते, "तू असतीस तर डाव्या कोपऱ्याची काळजीच नव्हती." ती प्रेमानंच म्हणते, पण ऐकणारीला ते लागतं. आता ती संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडली आहे. शाळा सुटली की मैदानाच्या बाजूनं न येता मागच्या फाटकानं घरी जाते.

याहून जास्त काळजी मला दुसऱ्याच गोष्टीची वाटते. परवा आमच्या मध्यरक्षकाचं बोट सुजलेलं दिसलं. विचारलं तर म्हणाली, "काही नाही सर, दारात चेमटलं." तिच्या मैत्रिणीकडून खरं कळलं. बोट सरावातच दुखावलं होतं आणि तिनं ते लपवलं होतं, कारण "सर मलापण बाहेर बसवतील आणि मग मीपण तिच्यासारखी एकटी पडेन."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. प्रशिक्षक म्हणून मी काय बोलावं, काय करावं? मुलींना काय सांगावं? ज्यांनी हे जवळून पाहिलं आहे त्यांनी मोकळेपणानं लिहा.

अस्थिसंधी

मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिकला. माझ्याकडे शाळा-कॉलेजची खेळाडू मुलं बरीच येतात.

सर, सुजलेलं बोट तुम्हाला दिसलं आणि ते मनाला लागलं, हे फार बरं झालं. एका मुलीला दुखापत होते तेव्हा बाकीच्या अकरा जणी तुमच्याकडे बघत असतात. आपल्यावर वेळ आली तर काय होईल, हे त्या तिथं शिकतात. सरांच्या तोंडून पहिलं वाक्य "अगं, परवा मॅच आहे!" असं निघालं, तर पुढची मुलगी तिची दुखापत तुमच्यापर्यंत येऊच देणार नाही. मग ती मेडिकलमधून गोळी आणते, स्प्रे मारते, क्रेप बँडेज घट्ट आवळते आणि खेळते. दोन आठवड्यांत बरं होणारं दुखणं दोन महिन्यांवर जातं ते असं.

म्हणून आधी त्या पहिल्या पाच मिनिटांबद्दल लिहिते.

खेळाडू पडला की चार जण धावतात, काखेत हात घालून त्याला उभं करतात आणि म्हणतात, "चाल, चाल, मोकळा होईल." हे थांबवा. तिला पडून राहू द्या. जवळ एकानं बसावं, बाकीच्यांनी मागे सरावं. काय झालं, कुठं दुखतंय, आवाज आला का, हे तिला विचारा आणि तिचं उत्तर पूर्ण ऐकून घ्या. कुणीही पाय ओढायचा नाही. निखळलेला खांदा तर कुणीच जागेवर बसवायला जायचं नाही, कितीही वेळा बघितलेलं असलं तरी.

घोटा मुरगळला असेल तर डॉक्टर एक साधी गोष्ट बघतात, ती तुम्हालाही बघता येते. स्वतःच्या पायावर भार टाकून चार पावलं टाकता येतात का? घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडावर, खालच्या टोकाशी आणि मागच्या कडेला, बोटानं दाबल्यावर दुखतं का? पावलं टाकता येत नसतील किंवा हाड दुखत असेल, तर एक्स-रे काढायचाच. बारा-तेरा वर्षांच्या मुलांत याला जास्त महत्त्व आहे. त्यांच्या हाडांच्या टोकाशी वाढीचा कूर्चेचा पट्टा असतो आणि तो कित्येकदा लिगामेंटच्या आधी दगा देतो. बाहेरून 'मुरगळा' दिसतो, आत वाढीच्या जागेला इजा असते.

आणि कृपा करून पहिले दोन-तीन दिवस मालीश नको, गरम शेक नको. "लचक उतरवून देतो" म्हणणारे प्रत्येक गावात असतात. ताज्या दुखापतीवर रगडलं की आतला रक्तस्राव आणि सूज वाढते. तेवढे दिवस दाब देणारी पट्टी, पाय उंचावर ठेवणं, फडक्यात गुंडाळलेला बर्फ आणि विश्रांती एवढंच करा.

उजवा कोपरा

मी १९८०-९० च्या काळात मातीवर कबड्डी खेळलो, नंतर गावच्या मंडळाची पोरं घडवली. मला या चर्चेत एक बाजू मांडायची आहे, राग मानू नका.

कबड्डी अंगाला अंग लावायचा खेळ आहे. गुडघे फुटणार, कोपरं सोलणार. प्रत्येक वेळी मुलाला बाहेर काढून चौकशा करत बसलो तर खेळाडू तयार होणार नाही. अनिल कुंबळेनं जबडा मोडलेला असताना गोलंदाजी केली, ते आपण मुलांना कौतुकानं सांगतोच ना? दुखणं सोसायची तयारी हासुद्धा खेळाचा भाग आहे.

दुसरं म्हणजे शहरात बसून "एक स्पर्धा गेली तर काय झालं" असं म्हणणं सोपं आहे. गावाकडच्या पोराला दहावी-बारावीचे क्रीडागुण कशावर मिळतात? कोणत्या स्तरापर्यंत खेळला त्यावर. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा आहेत, त्यासाठी वरच्या स्तरावरचं प्रमाणपत्र लागतं. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य ही चढण वर्षातून एकदाच येते. १७ वर्षांखालचं शेवटचं वर्ष असेल तर ती संधी परत नाही. बापाकडं दोन एकर कोरडवाहू आहे, पोरगी चढाईत राज्याला जाईल अशी आहे, आणि घोटा थोडा दुखतोय. काय कराल? या प्रश्नाचं उत्तर द्या, मग बाकीचं बोलू.

राधाक्का

उजवा कोपरा, तुमचा दुसरा मुद्दा खरा आहे आणि त्याचं उत्तर द्यायलाच हवं. पण पहिल्या मुद्द्याबद्दल आधी बोलते.

कुंबळेची गोष्ट मीसुद्धा शाळेत ऐकली आहे. ती अर्धीच सांगितली जाते. मे २००२, अँटिग्वा. फलंदाजी करताना वेस्ट इंडीजच्या डिलनचा चेंडू लागून जबडा मोडला. डोक्या-हनुवटीभोवती पट्टी बांधून त्यानं १४ षटकं टाकली, लाराला पायचीत केलं. धैर्य होतंच. पण तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता, बारा वर्षं कसोटी खेळलेला होता, जबड्याला काय झालंय हे त्याला माहीत होतं, आणि निर्णय त्याचा स्वतःचा होता. त्यानंतर तो शस्त्रक्रियेसाठी सरळ बंगळूरला परतला. पंधरा वर्षांच्या मुलीला यातलं काय लागू होतं? तिला आपल्या गुडघ्यात काय तुटलंय ते ठाऊक नसतं. सर "बघ, तुझ्यावर आहे" म्हणतात तेव्हा ते तिच्यावर नसतंच. पूर्ण संघ बाजूला उभा असताना, मुख्याध्यापक खुर्चीवर बसलेले असताना कुठली मुलगी नाही म्हणेल?

१९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमधली केरी स्ट्रगची उडीही अशीच सांगतात. अठरा वर्षांची जिम्नॅस्ट. पहिल्या उडीत घोटा गेला, प्रशिक्षक बेला कारोली बाजूनं ओरडत होते, ती दुसऱ्यांदा धावली, एका पायावर उतरली. अमेरिकेनं सुवर्ण जिंकलं, जगभर टाळ्या पडल्या. नंतर गुणांची बेरीज पाहिली तर तिच्या दुसऱ्या उडीशिवायही सुवर्ण मिळालंच असतं.

मला मुलांना नीरज चोप्राची गोष्ट सांगावीशी वाटते. २०१९ साली मुंबईत त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. त्या वर्षीची दोह्याची जागतिक स्पर्धा त्यानं सोडून दिली. जानेवारी २०२० मध्ये दक्षिण आफ्रिकेत परत आला तेव्हा ८७.८६ मीटर फेकून ऑलिंपिकचा प्रवेश पक्का केला. टोकियोत पुढं काय झालं ते पोरासोरांना पाठ आहे. पण जागतिक स्पर्धा सोडली, हा भाग मैदानावर कुणी सांगत नाही.

अस्थिसंधी

उजवा कोपरा, तुमच्या घोट्याच्या प्रश्नाला सरळ उत्तर देते. "थोडा दुखतोय" म्हणजे काय, हे आधी बघायचं. त्या पायावर एकटीनं उभी राहू शकते का? त्याच पायावर उड्या मारू शकते का? वेगात धावून दिशा बदलू शकते का? तीनही गोष्टी न लंगडता, चेहरा वाकडा न करता जमत असतील तर घोट्याला टेप किंवा ब्रेस लावून खेळू द्या. मी स्वतः अशा कितीतरी मुलांना खेळायला पाठवलं आहे. सोललेलं कोपर, दुखणारे स्नायू, काळंनिळं झालेलं अंग यासाठी कुणी बाहेर बसवा म्हणत नाही.

पण उडी मारता येत नसेल तर ती मुलगी चढाईत तशीही तुमच्या उपयोगाची नाही. तुम्ही १२ जणी नेता, ७ खेळतात. ५ जणी बाकावर कशासाठी आहेत?

आणि डोक्याला मार लागला असेल तर या चाचण्या वगैरे काही नाही. कबड्डीत गुडघा डोक्यात बसतो, दोघींची डोकी आपटतात. मूल गोंधळलं, तोच तोच प्रश्न विचारायला लागलं, चक्कर आली, डोळ्यांसमोर अंधारी आली, मळमळलं, "डोकं जड झालंय" म्हणालं, तर त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही. पाच मिनिटांनी बरं वाटलं तरी नाही, फायनल असली तरी नाही. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, हातापायातली ताकद जाणं, न उठवता येणारी झोप, यातलं काही दिसलं तर १०८ ला फोन.

टिळकवाडी ते टोरंटो

डोक्याच्या दुखापतीचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी मूळचा बेळगावचा, आता ओंटारियोत असतो. मुलगी इथल्या हायस्कूलात रग्बी खेळते. दर मोसमाआधी आम्हाला, तिला आणि प्रशिक्षकांना डोक्याच्या दुखापतीची माहिती वाचून एका आचारसंहितेवर सही करावी लागते. पहिल्या वर्षी मला ती नुसती कागदपत्रं वाटली. मग त्यामागचं कारण वाचलं.

रोवन स्ट्रिंजर ओटावातली सतरा वर्षांची मुलगी, शाळेच्या रग्बी संघाची कर्णधार. मे २०१३ मध्ये एका आठवड्याच्या आत सामन्यांमध्ये तिच्या डोक्याला पुन्हा पुन्हा मार लागला. शेवटच्या सामन्यात ती कोसळली आणि काही दिवसांनी गेली. मेंदू पहिल्या धक्क्यातून सावरायच्या आत दुसरा बसला की असं होऊ शकतं. नंतर कळलं की आपल्याला कंकशन (डोक्याला धक्का बसून मेंदूला होणारी इजा) झालं असावं अशी शंका तिला स्वतःला आली होती. तिनं इंटरनेटवर शोधलं होतं, मैत्रिणींना मेसेजमध्ये सांगितलंही होतं. घरी आणि प्रशिक्षकांना मात्र माहीत नव्हतं. २०१५ साली कॉरोनरच्या (मृत्यूचं कारण तपासणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या) चौकशीतून ४९ शिफारशी आल्या आणि २०१८ मध्ये ओंटारियोनं तिच्या नावानं कायदा केला, रोवन्स लॉ.

त्या मैत्रिणींना दोष देण्यासाठी हे सांगत नाही. त्यांचं वय सोळा-सतरा, त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं की अशा वेळी काय करायचं. इथं आता मुलांना स्पष्ट सांगतात: मैत्रीण म्हणाली की डोकं दुखतंय, कुणाला सांगू नको, तर मोठ्या माणसाला सांगायचं. ही चुगली धरली जात नाही आणि सांगणाऱ्याचं नाव कुणी काढत नाही.

कृष्णाकाठ सर, तुमच्या मध्यरक्षकाची मैत्रीण तुमच्याकडे येऊन खरं बोलली. तिचे आभार माना, पण चारचौघांत नको. एकटीला गाठून माना.

अर्धवट_शतक

मी एवढं लिहीत नाही कधी. माझं वय वीस. नववीत असताना खो-खोत खुंटावर सूर मारताना खांदा निखळला होता. जिल्ह्याच्या संघात होते.

तेव्हा काय चांगलं झालं आणि काय वाईट, ते सांगते. सरांनी मला रोज मैदानावर बोलावलं, त्यांचा हेतू चांगला होता. पण तिथं मला काम काय, तर पाण्याच्या बाटल्या भरायच्या आणि सगळ्यांच्या बॅगा सांभाळायच्या. पहिल्या दिवशी बरं वाटलं. नंतर वाटायला लागलं की मी खेळाडू होते, आता मदतनीस झाले. ज्या मुलीला माझ्या जागी घेतलं तिच्या बॅगेवर बसून मी तिचा सराव बघायचे. मग मी पोटात दुखतंय सांगून घरी जायला लागले.

मैत्रिणी सारख्या विचारायच्या, "कधी बरी होणार? कधी येणार?" मला स्वतःलाच माहीत नव्हतं. दर वेळी वाटायचं, आपण उशीर करतोय, आपल्यामुळं सगळे थांबलेत. एक मुलगी मात्र कधीच हे विचारायची नाही. ती माझ्या घरी यायची, माझा गणिताचा गृहपाठ उतरवून द्यायची कारण उजवा हात झोळीत होता, आणि आज सरावात कोण कुणाला काय म्हणालं ते सगळं सांगायची. तिच्यामुळं मला संघात काय चाललंय ते कळायचं. बाकी कुणाची सहानुभूती आठवत नाही, तिचं येणं आठवतं.

आणि एक. सर माझ्याशी फक्त खांद्याबद्दल बोलायचे. "खांदा कसाय?" बस. मी कशी आहे ते एकदा तरी विचारायला हवं होतं.

मी पुढं खेळले नाही. खांदा बरा झाला होता.

कृष्णाकाठ

@अर्धवट_शतक, तू लिहिलंस त्याबद्दल मनापासून आभार. पाण्याच्या बाटल्यांचं वाचून थांबलो. माझ्या डोक्यात तिला मैदानावर बोलवायचं होतं, पण बोलावून करायचं काय हे ठरवलं नव्हतं.

आता असं डोक्यात आलंय. डावा कोपरा म्हणजे समोरच्या चढाईपटूचं पाऊल वाचणारी जागा. या मुलीला ते इतकं कळतं की चढाईवाली बोनस गुणासाठी रेषेकडे जाणार की हात मारणार, ते ती आधी ओळखते. माझ्याकडे आमच्या गटातल्या दोन संघांच्या सामन्यांचं मोबाइलवर केलेलं चित्रण आहे. ते तिला देऊन सांगायचं की यांच्या तीन चढाईवाल्या कुठल्या पायानं सुरुवात करतात, कुठल्या बाजूला वळतात, ते लिहून काढ. नवीन कोपरारक्षकाला ते तिनंच समजावून सांगायचं. कसं वाटतं?

राधाक्का

उत्तम. फक्त आधी तिला विचारा. "हे करशील का" असं विचारा, "हे कर" असं सांगू नका. काही मुलींना दुखापतीनंतर थोडे दिवस मैदान नको असतं, त्यांना ते बघवत नाही. तिनं आता नको म्हटलं तर पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा. बोलावणं बंद करू नका. ग्रुपमध्येही परत घ्या, पण आधी "तू असतीस तर" हे वाक्य बंद झालं पाहिजे. मुलींना सरळ सांगा की असं म्हटल्यावर तिला काय वाटतं. लेकरांना सांगितलं की कळतं.

शुभंकर_आई

एक मुद्दा कुणीच काढला नाही म्हणून लिहिते. माझा मुलगा कुस्तीच्या तालमीत जातो. मागच्या वर्षी सरावात त्यानं टाकलेल्या डावात जोडीदाराचं कोपर निखळलं. डाव नियमातला होता, वस्ताद समोरच होते. तरी तालमीतली मुलं याला चिडवायला लागली, "हात तोडणारा" म्हणून. चेष्टाच, पण हा जेवेना. जोडीदाराच्या घरी जायला घाबरायचा. त्याची आई काय म्हणेल, या धास्तीनं त्यांच्या गल्लीतूनच जाणं सोडलं.

वस्तादांनी एक दिवस त्याला स्वतःच्या स्कूटरवर बसवून त्या मुलाच्या घरी नेलं. दोघांना समोरासमोर बसवलं. आखाड्यात लागतं, यात तुझा दोष नाही आणि त्याचाही नाही, असं दोघांच्या आईबापांसमोर स्वच्छ बोलले. चहा झाला. परतताना माझा मुलगा मोकळा झाला होता.

सर, तुमच्या सरावात गर्रकन वळलेली ती चढाई करणारी मुलगी कशी आहे?

कृष्णाकाठ

ताई, खरं सांगतो, हा प्रश्न वाचून उठलो आणि फोन लावला. तिची आई म्हणाली की पोरगी त्या दिवसापासून गप्प आहे, चढाईला गेली की अर्ध्यातून परत येते. मला वाटत होतं, जिल्ह्याचं दडपण आलंय. उद्या दोघींच्या घरी जाणार आहे, आधी हिच्या, मग हिला घेऊन तिच्या.

म्हापसेकर

मी गोव्यात शाळेच्या मुलामुलींना फुटबॉल शिकवतो. तुमच्या चर्चेत एक भर घालतो. दुखापत झाल्यावर काय करायचं हे महत्त्वाचं आहेच, पण गुडघ्याच्या अशा कितीतरी दुखापती टाळता येतात, आणि मुलींच्या बाबतीत तर याकडे जास्तच लक्ष द्यायला हवं. एकाच खेळात मुलांपेक्षा मुलींना एसीएलचा धोका कितीतरी जास्त असतो.

फिफाचा '११+' नावाचा वॉर्मअप आहे. वीसेक मिनिटांचा, तीन भागांत. आधी हळू धावणं, मग पोट, मांडीमागचे स्नायू, तोल, उड्या आणि नीट जमिनीवर उतरणं, शेवटी वेगात धावून दिशा बदलणं. काही साहित्य लागत नाही. नॉर्वेमध्ये १३ ते १७ वयाच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींवर त्याचा मोठा अभ्यास झाला, २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या क्लबांनी हा वॉर्मअप वापरला तिथं एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशानं कमी होत्या आणि गंभीर दुखापती जवळपास निम्म्या.

तो बनवला फुटबॉलसाठी, पण उडीवरून उतरताना गुडघा आत पडू न देणं कबड्डीतही तितकंच कामाचं. मी एकच गोष्ट सारखी ओरडून सांगतो, गुडघा अंगठ्याच्या आत जाऊ द्यायचा नाही. बरी होत आलेली खेळाडू असेल तर तिच्या फिजिओला विचारून त्यातले सोपे व्यायाम तिला संघाबरोबर रांगेत करू द्या. सगळ्यांबरोबर घाम गाळला की मुलाला परत आपलं वाटतं.

उजवा कोपरा

सगळं वाचलं. त्या खो-खोवाल्या पोरीचं "खांदा बरा झाला होता" वाचून बराच वेळ काही लिहावंसं वाटलं नाही.

माझं गुणांचं आणि नोकरीचं म्हणणं मात्र तसंच आहे. ते दडपण खोटं नाही आणि ते मुलांच्या घरातून येतं, सर काढून टाकू शकत नाहीत. पण एक करता येईल. दुखापत झालेल्या मुलाच्या घरी सरांनी स्वतः जाऊन पुढच्या वर्षी कुठल्या वयोगटात बसतो, कुठल्या स्पर्धा उरल्यात, क्रीडागुणांसाठी आत्तापर्यंतची कुठली कामगिरी धरता येते, हे बापाला नीट मांडून दाखवायचं. बऱ्याच वेळा सगळं संपलेलं नसतं, पण घरात तसं वाटतं. शाळेकडून राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा योजनेत काही मिळतं का, तेही मुख्याध्यापकांकडून विचारून घ्या. कागदपत्रं वेळेत गेली पाहिजेत, म्हणून दुखापतीच्या दिवसाची नोंद शाळेच्या दप्तरी आजच करून ठेवा.

आता अस्थिसंधीताईंना माझा प्रश्न. शस्त्रक्रियेनंतर ही पोरगी मॅटवर परत कधी? आमच्याकडं सहा महिने म्हणतात.

अस्थिसंधी

सहा महिन्यांनी मुलगी धावते, गुडघा दुखत नाही, म्हणून सगळ्यांना वाटतं झालं. धोका तिथंच असतो. नवीन बसवलेलं लिगामेंट आत अजून पक्कं होत असतं आणि मांडीची ताकद बरोबरीला आलेली नसते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जितकं पुढं ढकललं, तितका दर महिन्यामागं गुडघ्याला पुन्हा दुखापत होण्याचा दर जवळपास निम्म्यानं कमी झाला. आणि पंचविशीच्या आतली जी मुलं पुन्हा खेळात उतरतात त्यांच्यात जवळपास चारातल्या एकाला त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्याचं एसीएल पुन्हा जातं. म्हणून किमान नऊ महिने. त्यानंतरही नुसतं कॅलेंडर बघून नाही. दोन्ही पायांची ताकद मोजायची, एका पायावरच्या उड्यांची लांबी दोन्हीकडे सारखी आली का बघायची, आणि तिच्या मनातली भीती गेली का, तेही विचारायचं. गुडघा तयार आणि मन तयार नाही, अशा मुली मी खूप बघते. पकडीला जाताना त्या क्षणभर थांबतात आणि त्या थांबण्यातच पुन्हा लागतं.

परत कधी उतरायचं हे डॉक्टर आणि फिजिओ ठरवतील, असं सरांनी आजच सगळ्यांसमोर जाहीर करावं. सर ठरवणार नाहीत, कर्णधार नाही, वडीलही नाहीत. एकदा ते जाहीर झालं की "कधी येणार" हा प्रश्न त्या मुलीला विचारायची कुणाला गरज उरत नाही. आणि पुढच्या वर्षी सेमीफायनलच्या आदल्या रात्री तुमचाच मोह झाला, तरी तुम्ही आधीच शब्द दिलेला असेल.

परत आल्यावर थेट सामना नाही. आधी एकटीनं हालचाली, मग हळू वेगात एकीविरुद्ध एक, मग साखळीत पकड, मग पूर्ण सराव, शेवटी सामन्यात थोडा वेळ.

टिळकवाडी ते टोरंटो

विनेश फोगटचा विषय इथं यायलाच हवा होता. २०१६ ला रिओमध्ये उपांत्यपूर्व फेरीत गुडघा गेला, स्ट्रेचरवरून बाहेर आली. दोन वर्षांनी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. पोरीला हे दाखवा, पण पहिल्याच आठवड्यात नको. सुरुवातीला असं काही दाखवलं की मुलांना वाटतं, आपल्यालाही इतकं मोठं काहीतरी करून दाखवायला लागणार.

कृष्णाकाठ

आज दोघींच्या घरी जाऊन आलो. चढाईवाली तिच्यासमोर बसून रडली. हिनं तिला सांगितलं, "तू वळलीस ते बरोबरच होतं, मीच उशिरा झेपावले, आणि तसंही पाय रोवला होता." मग दोघी मोबाइलवर त्या दुसऱ्या संघाचे सामने बघत बसल्या. मी तिच्या वडिलांशी क्रीडागुणांचं आणि वयोगटाचं बोललो. तिला अजून एक वर्ष याच गटात मिळतंय. वडिलांना ते माहीत नव्हतं.

सरावाच्या आधी सगळ्यांना गोल करून सांगितलं की परतण्याचा निर्णय डॉक्टरांचा, आणि दुखापत सांगितली म्हणून कुणाची जागा संघातून जाणार नाही, बरी झाली की चाचणी देऊन परत यायचं. सुजलेल्या बोटाचा एक्स-रे काढला, हाड ठीक आहे, शेजारच्या बोटाला टेपनं बांधून दिलंय.

एक अडचण आहे. जिल्ह्याला तिला यायचंय, मुलींनाही ती हवीय. १२ जणींच्या यादीत नाव नाही, म्हणून संघाबरोबर आत बसता येईल का ते आयोजकांना विचारतोय. प्रवास एसटीचा, दीड तासाचा, शस्त्रक्रिया त्यानंतर आहे. अस्थिसंधीताई, न्यावं का?

अस्थिसंधी

तिच्या सर्जनना एकदा विचारा. ते हो म्हणाले तर न्या. ब्रेस लावूनच, कुबड्या बरोबर. पाय लांब करता येईल अशी सीट द्या, एसटीत चढता-उतरताना दोघींनी धरा. तिथं गर्दीत मॅटच्या कडेला बसवू नका, पकडीतल्या मुली बाहेर येऊन अंगावर पडतात. प्रेक्षकांतली मागची जागा चालेल. तिथून चढाया बघून मधल्या वेळात ती कोपऱ्याला काय सांगायचं ते सांगू शकेल.